आजीच्या डब्यातली ‘राणीछाप’ आणि युरोपची उसनी चांदी

खापरपणतू (धागाकर्ता)

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचा आजीचा पितळी डबा खाली आला. आत दोन तुटकी जोडवी, एक बिनकिल्लीचं कुलूप आणि फडक्यात गुंडाळलेलं एक भलंमोठं चांदीचं नाणं. आजी त्याला आयुष्यभर ‘राणीछाप’ म्हणायची. तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे माझ्या पणजोबांनी, येमेनच्या एडनहून आणलेलं. ते तिथे बंदरात कारकून होते. आम्ही सगळे समजत होतो की नाण्यावर विक्टोरिया आहे.

परवा भिंग घेऊन बसलो. साल १७८०! विक्टोरिया जन्मली १८१९ मध्ये. डोक्यावरून पदर घेतल्यासारखी ही भरदार बाई म्हणजे ऑस्ट्रियाची मारिया थेरेसा. नाण्याचं नाव थालर.

आता ऑस्ट्रियाला धड समुद्र नाही, साम्राज्य असलं तरी आपल्या बाजूला नाही, मग तिचं नाणं एडनच्या बाजारात काय करत होतं? शोधत गेलो तर असं कळलं की येमेनची कॉफी, इथिओपियाचं कातडं, लाल समुद्राकाठचा जवळपास सगळा व्यवहार या बाईच्या तोंडाकडे बघून चालायचा. राणी १७८० च्या नोव्हेंबरात वारली. पण व्यापाऱ्यांना तेच नाणं हवं, तेच साल, तोच चेहरा. म्हणून ती गेल्यानंतरही टांकसाळी १७८० चाच छाप मारत राहिल्या. खुद्द ऑस्ट्रियात हे नाणं १८५८ मध्ये चलनातून बाद झालं, तरी व्हिएन्नात पडतच राहिलं, फक्त परदेशासाठी. गिऱ्हाईक नाण्यावरचे मोती मोजून घ्यायचं म्हणे. एक मोती पुसट दिसला की नाणं परत.

हे वाचल्यापासून डोक्यात एक किडा वळवळतोय. शाळेत आपण शिकलो की युरोपियन लोक मसाल्यासाठी आले, वखारी घातल्या, मग राज्य केलं. पण मसाला घ्यायला आले तेव्हा बदल्यात देत काय होते? इंग्लंडची जाडजूड लोकर सुरतेच्या उन्हात कोण नेसणार? उत्तर एकच, चांदी. आणि तीही त्यांची नव्हती, बोलिव्हियातल्या एका डोंगरातून आलेली होती. म्हणजे दोन-अडीचशे वर्षं युरोप हा आशियाच्या बाजारातला दलाल होता, दुसऱ्याची चांदी तिसऱ्याला देणारा. असं म्हटलं तर चुकेल का? जाणकारांनी लिहा. फोटो टाकतो संध्याकाळी.

शेंगदाणा

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. आणि आजीचं कुलूप उघडा आधी, त्यात काय निघेल सांगता येत नाही.

नाणेघाटी

मी गेली वीस वर्षं नाणी जमवतो. फोटोची वाट न बघता सांगतो, घरी आहे त्या काट्यावर वजन करा. अस्सल असेल तर २८ ग्रॅमच्या आसपास भरेल. चांदी शेकडा ८३ टक्के, बाकी तांबं. कडेवर लॅटिन अक्षरं उठावात असतील: ‘न्याय आणि दया’ अशा अर्थाची. ती कड मुद्दाम केलेली असते, कुणी कानस लावून चांदी खरवडली तर लगेच कळावं म्हणून.

एक गंमत सांगतो. १९३५ मध्ये मुसोलिनीने इथिओपियावर स्वारी केली तेव्हा तिथे खर्चायला इटलीला हेच थालर हवे होते. त्याने व्हिएन्नाकडून ठसे मिळवले आणि रोममध्ये नाणी पाडायला सुरुवात केली. ब्रिटिशांची अडचण झाली, त्यांचाही लाल समुद्रातला व्यापार याच नाण्यावर. मग लंडनने स्वतःच थालर पाडायला घेतले. आणि युद्धात, १९४० - ४१ च्या सुमारास, थालर पडले ते आपल्या मुंबईच्या टांकसाळीत. फोर्टातल्या, टाउन हॉलच्या शेजारच्या. ऑस्ट्रियाची दीडशे वर्षांपूर्वी वारलेली राणी, इंग्रजांच्या हुकमाने, मुंबईच्या कामगारांनी घडवलेली, आफ्रिकेत खपवायला.

खापरपणतू

नाणेघाटी, अंगावर काटा आला! म्हणजे हे मुंबईचंच नाणं असू शकतं?

नाणेघाटी

पणजोबा परत कधी आले?

खापरपणतू

१९३१. आजीचं लग्न त्यानंतर.

नाणेघाटी

मग नाही. १९३५ च्या आधीचं म्हणजे बहुधा व्हिएन्नाचं. वाईट वाटून घेऊ नका. मुंबईचा संबंध तुटत नाही. १८६८ ची ॲबिसिनियाची, म्हणजे इथिओपियाची, मोहीम बघा. सेनापती नेपियर मुंबईच्या सैन्याचा, फौज मुंबई बंदरातून निघालेली, बरोबर ४४ हत्ती. त्या फौजेला वाटेत धान्य-चारा विकत घ्यायला इथिओपियात दुसरं काही चालेना, म्हणून व्हिएन्नाहून थालर मागवावे लागले. आणि एडन १८३९ पासून जवळजवळ शतकभर मुंबई इलाख्याच्या कारभाराखाली होतं. तुमचे पणजोबा परदेशी नव्हे, कागदोपत्री ‘इलाख्यातच’ नोकरी करत होते.

प्रागवासी

थालर हे नाव कुठून आलं ते मी सांगते, कारण त्या गावाला जाऊन आलेय. प्रागहून पश्चिमेला, जर्मनीच्या सीमेलगत याखिमोव नावाचं गाव आहे. जर्मन भाषेत त्याला योआकिम्सथाल म्हणत, म्हणजे योआकिमची दरी. १५१६ च्या सुमाराला तिथे चांदी सापडली. तिथल्या सरदारांनी मोठी जड नाणी पाडली, लोक त्यांना ‘योआकिम्सथालर’ म्हणू लागले. एवढं लांब नाव बाजारात कोण घेणार? ‘थालर’ झालं. डच लोकांनी ‘दाल्डर’ केलं, इंग्रजांनी डॉलर. म्हणजे डॉलर या शब्दाचा अर्थ ‘दरीतला’. आपल्याकडे ‘खोऱ्यातला’ म्हणू.

आज गाव अगदी शांत आहे. गरम पाण्याचे झरे, म्हातारी माणसं उपचाराला येतात. चांदी संपल्यावर खाणीत एक काळं जड खनिज उरलं होतं, ते टाकाऊ म्हणून बाजूला सारत. मारी क्युरीने रेडियम काढलं ते याच खाणीच्या गाळातून. आणि दुसऱ्या महायुद्धानंतर याच डोंगरात राजकीय कैद्यांना जुंपून सोव्हिएत संघासाठी युरेनियम काढलं गेलं. गावाच्या वर छावणीच्या खुणा बघितल्या त्या दिवशी जेवण गेलं नाही.

शंकासुर

धागा छान, पण धागाकर्त्याने एका दमात फार मोठं विधान केलंय. ‘दलाल’? मग वर प्रागवासी सांगतायत ती चांदी युरोपचीच होती की!

वाकडी_वाट

शंकासुर, ती होती, पण पुरणारी नव्हती. खरा पूर आला १५४५ नंतर, पोतोसीहून. लांब लिहिते, सांभाळून घ्या.

पोतोसी म्हणजे आजच्या बोलिव्हियात चार हजार मीटर उंचीवरचं गाव, शेजारी शंकूसारखा डोंगर, ‘सेर्रो रिको’, श्रीमंत डोंगर. बोलिव्हियाच्या राजचिन्हावर आजही तो आहे. सुरुवातीला वरच्या थरातली चांदी नुसती भट्टीत घालून निघायची. वीस-पंचवीस वर्षांत तो थर संपला, हलक्या प्रतीचा दगड उरला. तेव्हा मेक्सिकोत शोधलेली पाऱ्याची युक्ती तिथे आणली. दगड दळायचा, मीठ आणि पारा घालून चिखल तुडवायचा, पारा चांदीला धरून ठेवतो, मग तापवून पारा उडवून द्यायचा. पारा पेरूमध्ये वांकावेलिका इथे सापडला होता. स्पेनच्या राजाला याहून काय हवं?

माणसं हवी होती. व्हाइसरॉय तोलेदोने १५७० च्या दशकात इंका राजांची ‘मिता’ नावाची जुनी वेठ उचलली आणि खाणीला जुंपली. सोळा प्रांतांतून दरवर्षी सातातला एक पुरुष, म्हणजे साधारण साडेतेरा हजार माणसं, आळीपाळीने पोतोसीला. बायकापोरं, लामा, शिधा घेऊन महिना-दोन महिने चालत यायची. खाणीत शिडीवरून पाठीवर दगड घेऊन चढायचं, तोंडात कोकाची पानं. पाऱ्याच्या वाफेने दात पडायचे, हात कापायचे. पाळी चुकवायला गावंच्या गावं परागंदा झाली. आपल्याकडे ‘वेठबिगार’ हा शब्द आपण किती सहज वापरतो.

१६०० च्या पुढे-मागे पोतोसीची वस्ती दीड लाखावर गेली होती. तेव्हाच्या लंडनशी तुलना व्हावी असं शहर, झाड उगवत नाही अशा उंचीवर. स्पॅनिशमध्ये एखादी गोष्ट अमोल असेल तर अजूनही ‘एका पोतोसीच्या मोलाची’ म्हणतात. आणि खाण अजून चालू आहे बरं का. आत ‘एल तिओ’ म्हणजे काका नावाची शिंगं असलेली मातीची मूर्ती असते. खाणकामगार तिच्या तोंडात सिगारेट ठेवतात, दारू शिंपडतात आणि मग आत उतरतात.

दुपारचा_चहा

वाकडी_वाट, वाचून सुन्न. ती चांदी स्पेनलाच गेली ना मग? स्पेन एवढा श्रीमंत का नाही राहिला?

वाकडी_वाट

गेली, पण थांबली नाही. पोतोसीहून लामांच्या पाठीवर किनाऱ्याला, जहाजाने पनामा, खेचरांवरून जमीन ओलांडून पलीकडे, तिथून ताफ्याने हवाना करत सेव्हिल. ताफा धक्क्याला लागेपर्यंत त्यातला राजाचा हिस्सा जिनोव्हाच्या सावकारांकडे गहाण पडलेला असायचा, कारण राजा फेलिपे दुसरा सदानकदा लढायांत. त्याच्या राज्यात १५५७, १५७५ आणि १५९६ असं निदान तीनदा दिवाळं निघालं. जगातली सर्वांत मोठी चांदीची खाण ताब्यात असताना! गरिबाला वाटतं पैसा आला की प्रश्न मिटेल. इथे पैसा आला तो महागाई घेऊन.

नाणेघाटी

आणि सगळी चांदी सेव्हिलवरून गेली असंही नाही. १५७१ मध्ये स्पॅनिशांनी मनिला वसवलं. तिथून मेक्सिकोच्या आकापुल्कोशी गलबतांची ये-जा १८१५ पर्यंत चालली. जाताना रेशीम, चिनी मातीची भांडी, येताना चांदी. युरोपला शिवायचंच नाही, पॅसिफिक ओलांडून थेट चीन.

का? कारण साधं गणित. १६०० च्या सुमाराला युरोपात एका तोळा सोन्याला बारा तोळे चांदी पडायची. चीनमध्ये सहा. म्हणजे चांदी नुसती उचलून चीनला नेली तरी तिची किंमत दुप्पट. माल विकायचीसुद्धा गरज नाही.

शंकासुर

ठीक, पण हे सगळं ऐकताना असं वाटतं की आशिया गप्प बसला होता आणि चांदी येऊन पडत होती. चीनला एवढी चांदी करायची काय होती?

वाकडी_वाट

हाच नेमका प्रश्न आहे, आणि मला वाटतं धागाकर्त्याच्या ‘दलाल’ शब्दाचं उत्तर त्यातच आहे. मिंग काळात चीनची कागदी नोट कोसळली होती, लोक चांदीवर आले होते. सोळाव्या शतकाच्या शेवटी सरकारने नाना तऱ्हेचे कर, वेठ, धान्य एकत्र करून सगळं चांदीत भरायला लावलं. जगातल्या सर्वांत मोठ्या लोकसंख्येला सारा भरायला चांदी हवी! इकडे अकबराच्या काळात सारा रोख रुपयात घ्यायची पद्धत पसरली. रुपया शेरशहाचा, शब्द संस्कृत ‘रूप्य’वरून, म्हणजे चांदीच. आणि हिंदुस्थानात चांदीच्या म्हणाव्या अशा खाणी नाहीत. थोडक्यात, पोतोसीच्या डोंगराला भोक पाडणारी ओढ माद्रिदची जेवढी होती तेवढीच पेकिंग आणि आग्र्याची. युरोप मध्ये उभा होता.

आणि चांदी फक्त अमेरिकेतूनच येत होती असंही नव्हे. जपानच्या इवामीतही मोठी चांदी निघत होती. ती चीनला पोचवून मकाऊचे पोर्तुगीज गब्बर झाले, कारण चीनने जपानशी उघड व्यापाराला बंदी घातली होती. १६३९ मध्ये जपानने त्यांना हाकललं तेव्हा ती दलाली बंद.

मांडवीकाठचा

गोव्यातून लिहितो. १५८० ते १६४० पोर्तुगाल आणि स्पेनचा राजा एकच होता, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. लिस्बनहून गोव्याला येणाऱ्या जहाजांच्या पेट्यांत मिरी घ्यायला स्पॅनिश रियालच, म्हणजे चांदीची मोठी नाणीच असायची. गोव्यात पोर्तुगीजांचं स्वतःचं चांदीचं नाणं होतं, नाव शेराफीन. हा शब्द आपल्या ‘अश्रफी’चाच. नाव मुसलमानी, राजा ख्रिस्ती, चांदी अमेरिकेची.

पोतदारांची_लेक

आमचं आडनाव आज पहिल्यांदा कामाला आलं :)

गावचा पोतदार म्हणजे नाणं पारखणारा. सारा भरायला आलेल्या रुपयाची पारख तो करायचा. नाणं दगडावर आपटून ऐकायचं, ‘खणखणीत नाणं’ तिथूनच. पेशवाईत चांदवडी, अंकुशी, मल्हारशाही, सुरती असे कितीतरी रुपये एकाच वेळी बाजारात. प्रत्येकाचा भाव वेगळा, हलक्या नाण्यावर बट्टा. इज्जतीला लागतो तोच बट्टा.

सुरतेत परदेशी नाणं सहसा तसंच चालायचं नाही. कंपनीवाल्यांना रियाल सराफाला विकावे लागायचे किंवा मुघल टांकसाळीत वितळवून रुपये करून घ्यावे लागायचे. एका रियालाचे दोन रुपये आणि वर थोडी चिल्लर. टांकसाळीत गर्दी असली की आठवडेच्या आठवडे थांबायचं, इकडे जहाज परतायचा वारा निघून चाललेला. म्हणून गोरे साहेब सुरतेच्या सराफांच्या पायऱ्या झिजवायचे. हे चित्र आपल्या पाठ्यपुस्तकात कुठेच नव्हतं!

अवांतर: एवढी चांदी जिथे उतरायची ती सुरत महाराजांनी १६६४ आणि १६७० मध्ये दोनदा का गाठली, हे वेगळं सांगायला नको. औरंगजेबाच्या तिजोरीचा नळ होता तो.

शंकासुर

सगळं मान्य. तरी माझा आक्षेप राहतो. दलालाकडे जहाज होतं, तोफ होती, विमा होता. डचांच्या कंपनीने १६०२ मध्ये सामान्य माणसांकडून भांडवल गोळा केलं. आम्स्टरडॅमची बँक १६०९ ची. आपल्या सुरतेचा व्यापारी वीरजी व्होरा याच्याकडे पैसा कमी नव्हता, तो इंग्रज कंपनीला कर्ज द्यायचा. पण त्याच्या मागे सुरतेचा सुभेदार उभा नव्हता, कंपनीच्या मागे राज्य होतं. नुसता ‘दलाल’ म्हणून हिणवलं की आपण का हरलो हे कधीच कळणार नाही. आपल्याला असे धागे फार आवडतात, ‘ते चोर, आम्ही सोन्याची चिडी’.

तांबडी_माती

आला बघा युरोपचा वकील. मितामध्ये मेलेल्यांना विमा होता का?

शंकासुर

मी मिताचं समर्थन कुठे केलं? वाचायची तसदी घ्या.

तांबडी_माती

वाचूनच बोलतोय. [पुढचा मजकूर संपादित]

संपादक मंडळ

वैयक्तिक शेरेबाजी नको. दोन प्रतिसाद उडवले आहेत. धागा चांगला चाललाय, चालू द्या.

खापरपणतू

शंकासुर, ‘दलाल’ शब्द मी मागे घेत नाही, पण हिणवायला वापरला नव्हता. दलाली हे कौशल्यच आहे, आमच्या वाशी मार्केटमध्ये येऊन बघा. माझं म्हणणं एवढंच की सुरुवातीला ते बाजाराचे मालक नव्हते, गिऱ्हाईक होते. लंडनला तेव्हा ओरड होती की कंपनी देशातली चांदी हिंदुस्थानात ओतते. थॉमस मन नावाच्या संचालकाला १६२१ मध्ये पुस्तिका लिहून समजवावं लागलं की बाबांनो, गेलेली चांदी व्यापारातून वाढून परत येते. आपलं छापील कापड एवढं खपलं की १७०० आणि १७२१ मध्ये कायदे करून ते बंद पाडावं लागलं. जहाजं निघायची तेव्हा मालाच्या किमतीत दोन तृतीयांशाहून जास्त चांदी-सोनंच असायचं.

मग हे उलटं कधी झालं?

वाकडी_वाट

त्याला एक तारीख देता येते. १७६५, बंगालची दिवाणी. प्लासीनंतर आठ वर्षांनी. सारा वसुली कंपनीच्या हातात आली, आणि त्याच पैशातून बंगालचं कापड ‘विकत’ घेऊन लंडनला. इंग्लंडहून बंगालला चांदी आणायची गरजच जवळपास संपली. विणकराला त्याच्याच साऱ्याच्या पैशाने किंमत चुकती व्हायची.

उरला चीनचा चहा. चीनला अजून चांदीच हवी होती. तिथे अफू आली.

नाणेघाटी

आणि तिथे परत मुंबई आली. बंगालची अफू कंपनीच्या मक्त्याची, पण माळव्याची अफू मुंबईहून जायची. जमशेटजी जीजीभॉय यांची दौलत चीनच्या व्यापारातली, त्यात अफूही होती. जे. जे. रुग्णालय त्यांच्याच देणगीचं. १८२० - ३० नंतर चांदी चीनमधून बाहेर वाहायला लागली. अडीचशे वर्षांचा ओघ फिरला. चीनने अफू जप्त केली, १८३९ ला इंग्रजांशी युद्ध, १८४२ च्या नानकिंगच्या तहात भरपाई ठरली २ कोटी १० लाख. रुपये नाही, पौंड नाही. चांदीचे डॉलर, त्याच स्पॅनिश रियालच्या घराण्यातले. अमेरिकेतसुद्धा स्पॅनिश डॉलर १८५७ पर्यंत कायदेशीर चलन होता, त्यांचा स्वतःचा डॉलर त्याच्याच वजनावर बेतलेला.

शंकासुर

१७६५ चा मुद्दा पटला. म्हणजे दलालाने दुकानच ताब्यात घेतलं. यावर वेगळा धागा काढा कुणीतरी.

दुपारचा_चहा

खापरपणतू, मूळ नाण्याचं काय झालं? वजन केलंत?

खापरपणतू

केलं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर २८ दाखवतोय. कडेवर अक्षरं आहेत, अर्धी झिजलेली. मोतीही दिसतायत.

आणि आज आत्याला फोन केला. ती म्हणाली, एकच कुठलं, दादांनी पाच आणली होती! बाकीची चार माझ्या लग्नात वितळवली. मी विचारलं, काय केलंस त्याचं? म्हणाली, निरांजन आणि पळी-पंचपात्र. सोनाराने मजुरी जास्त लावली म्हणून आई आठवडाभर त्याच्या नावाने खडे फोडत होती, एवढं आठवतं.

पोतदारांची_लेक

८३ टक्क्यांची चांदी, निरांजन लवकर काळं पडत असेल. आत्याला विचारा.

खापरपणतू

विचारलं. दर सणाला रांगोळीने घासावं लागतं म्हणे.